मदत हवी आहे: आजीच्या कदिशला दहावं कोण?

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. पुढच्या महिन्यात सगळे अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) शिळेपाशी मलिद्याला, म्हणजे पोहे-फळांचं ताट मांडून करायच्या प्रार्थनेला, जमतोय. आधी गेलेल्या आजीसाठी कदिश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणायचंय, त्याला दहा जणांचा मिन्यान, म्हणजे प्रार्थनेचा गट, लागतो. पुरुष मोजले, नऊच भरतात.

दहावी माझी भाची, वय 15, अमेरिकेची. तिची बात मित्झवा (मुलगी धर्माच्या दृष्टीने सज्ञान झाल्याचा विधी) झालीय, हिब्रू माझ्यापेक्षा चांगलं वाचते. पण इस्रायलचे काका पक्के ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरावादी. ते म्हणतात, बाई मिन्यानमध्ये धरत नाहीत, आणि तिच्या आईचं, माझ्या वहिनीचं, धर्मांतर रिफॉर्म (सुधारणावादी) रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, झालेलं, म्हणून मुलगी ज्यूच नाही. भाची फोनवर रडली.

काकांच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. पण 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटने (धर्मगुरूंच्या सर्वोच्च संस्थेने) आपल्याच बेने इस्रायली लोकांच्या लग्नाआधी आई-आजीची वंशावळ तपासायला लावली होती. 1964 मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) आपण पूर्णपणे ज्यूच आहोत असा ठराव केला तेव्हा कुठे दिलासा मिळाला. ते दुःख सोसलेल्या घरानेच आता पोरीची वंशावळ काढायची? आणि उदारमतवाद आपल्याला नवा नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी ज्यूंची संस्था उभी केलीच ना!

रेवदंड्याहून दहावा पुरुष बोलावता येईल, पण मग भाची मलिद्याच्या ताटाशी बसेल का?

तुमच्या घरात दोन्ही मतांची माणसं आहेत का? कदिश कसं केलंत? दोन्ही बाजू समजणारे कोणी हझान (प्रार्थना चालवणारे) माहीत असतील तर कृपया मेसेज करा.