मदत हवी आहे: क्ष-किरण वर्णपटात उत्तेजित रेणूंचा टक्का कसा ठरवायचा?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय, एमएस्सी रसायनशास्त्र, शेवटचं वर्ष. प्रकल्पासाठी लोहाच्या के-एजचा (ज्या ऊर्जेला लोह क्ष-किरण एकदम जास्त शोषू लागतं ती कडा) पंप-प्रोब डेटा मिळालाय: आधी लेसरचा पल्स, मग ठरावीक पिकोसेकंदांनी क्ष-किरणांचा. रेणू ट्रिस-बायपिरिडीन लोह. फेरस सल्फेटच्या फिक्या हिरवट द्रावणात बायपिरिडीनचे दोन थेंब पडले की परीक्षानळी एकदम गर्द लाल होते ना, तोच.

प्रकाश शोषला की हा रेणू फेमटोसेकंदांत लो-स्पिनचा (लोहाचे इलेक्ट्रॉन जोड्यांत) हाय-स्पिन (काही इलेक्ट्रॉन सुटे) होतो, लोह-नायट्रोजन बंध सुमारे ०.२ अँगस्ट्रॉमने ताणला जातो आणि पाण्यात साधारण ६५० पिकोसेकंदांत सगळं पूर्वपदावर येतं. सिंक्रोट्रॉनचा (फिरत्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण देणाऱ्या यंत्राचा) पल्स १०० पिकोसेकंदांच्या आसपास असतो, त्यामुळे ताणलेली अवस्था त्यात सापडते. मधली झेप पाहायला एक्स-रे लेसरच हवा. इथवर कळलंय.

अडलंय फिटिंगमध्ये, म्हणजे गणिती रेषा डेटाशी जुळवण्यात. १८ टक्के रेणू उत्तेजित धरले तर बंध ०.२० ने वाढतो, २२ धरले तर ०.१६ ने. दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. गाइड म्हणतात, "पेपरात ०.२ आहे, तेच धर." मन घेत नाही. शाळेत असताना राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन पाहिलं, तेव्हापासून हेच काम करायचंय. ते नीट व्हावं असं फार वाटतं. कोणी हे केलंय का?

प्रतिसाद १
ताई, एक्साफ्सकडे (एजच्या पुढच्या शोषणातली आंदोलनं, ज्यातून बंधाची लांबी काढतात) टक्का आणि बंध अशी दोन्ही उत्तरं मागू नका. टक्का ऑप्टिकल मोजमापातून आणा. ५२० नॅनोमीटरला मूळ अवस्था भरपूर शोषते, हाय-स्पिन जवळपास नाहीच, म्हणून तिथली घट म्हणजे थेट टक्का. मात्र जेटची (द्रावणाच्या पातळ धारेची) जाडी, द्रावणाची तीव्रता, लेसरची ऊर्जा तीच हवी. ५० मिलिमोलर द्रावण आणि १०० मायक्रॉनचा जेट धरा: ५२० ला शोषण ४ च्या वर जातं, निम्मा प्रकाश पहिल्या सातेक मायक्रॉनमध्येच संपतो, क्ष-किरण मात्र आरपार जातात. म्हणजे तुमचा टक्का ही सरासरी झाली.

आणि के (सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा तरंगांक, के-एजमधला के नव्हे) कुठवर घेतलात? खालच्या के ला टक्का आणि ताण एकमेकांत मिसळतात, वर गेलं की आंदोलनांची फेज सरकते आणि ते सुटे होतात.

मूळ लेखिका
के ६ पर्यंतच. पुढे गोंगाट होता म्हणून कापलं होतं. आता वाढवून बघते. मोजमाप १०० पिकोसेकंदांच्या विलंबाला आहे, तेवढ्यात काही रेणू परतलेले असतील ना?

प्रतिसाद २
हो, साधारण १४ टक्के. ऑप्टिकलही त्याच विलंबाला घ्या.