पहिला सबवूफर (बास म्हणजे खोल, जाड आवाज काढणारा स्पीकर): १० इंची की १२?

प्रश्न: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी १०×१२ फुटांची खोली सिनेमासाठी रिकामी करून राहिलो. भिंतीपलीकडे काकू झोपतात. १२ इंची घेऊ का?

उत्तर: भाऊ, १० इंची बंद पेटीचा पुरे. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे आवाज सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा. अन् बास भिंतीनं अडत नाही, रात्री आवाज कमीच ठेवा.

दुसरं उत्तर: आधी जागा शोधा. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवून गाणं लावा, खोलीभर रांगत ऐका. जिथं बास घुमत नाही, एकसारखा येतो, तिथं तो मांडा. मी रांगताना बायकोनं काढलेला फोटो अजून नातेवाइकांत फिरून राहिला.

प्रश्नकर्ता: अन् मे महिन्यात कूलरच्या आवाजाचं काय?

दुसरं उत्तर: सिनेमापुरता बंद करा. घाम पुसत बघा!