विषय: फैजपूरचं घर – दोन ट्यूनरच्या बॉक्सला वायर एक की दोन?

प्रेषक: फैजपूरकर, म्युनिक

मंडळी, नमस्कार.

फैजपूरला स्लॅब झाला. पुढच्या आठवड्यात झिऱ्या मारून प्लास्टर सुरू होईल. बैठकीत रेकॉर्डिंगचा, दोन ट्यूनरचा (एकाच वेळी दोन चॅनेलं पकडणारा) डीटीएच बॉक्स बसवायचा आहे. छत्रीपासून बैठकीपर्यंत पाईपच्या वाटेने 22 मीटर भरतात. वायरमन म्हणतो, एकच वायर टाकू, खाली स्प्लिटर (एका वायरीचे दोन फाटे करणारी डबी) लावू. इकडे जर्मनीत एका वायरीवर दोन ट्यूनर चालतात, मग तिकडे का नाही? प्लास्टरआधी त्याला नेमकं काय लिहून पाठवू?

प्रेषक: भुसावळकर, लीड्स

भाऊ, स्प्लिटर लावू देऊ नका. कुठली चॅनेलं हवीत हे बॉक्स एलएनबीला (छत्रीपुढच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच वायरीतून सांगतो. 13 व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवीकरणाची (लहरी उभ्या कंपणारी) येतात, 18 दिले की आडव्या. सोबत 22 किलोहर्ट्झचा टोन असला की वरचा बँड, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा. एका वायरीवर एका वेळी एकच हुकूम चालतो. एका ट्यूनरने 13 मागितले आणि दुसऱ्याने 18, तर वर 18च पोचतात आणि पहिल्याचं चॅनेल जातं. दोन्ही चॅनेलं एकाच जातीची असली की सगळं छान दिसतं. म्हणून वायरमन तपासून निघून जातो आणि खोट नंतर रेकॉर्डिंग पाहताना कळते.

जर्मनीत तुम्ही पाहता ते युनिकेबल, ईएन 50494 किंवा 50607 मानकाचं. त्यात एलएनबी किंवा मल्टिस्विच (अनेक बॉक्सना सिग्नल वाटणारा डबा) प्रत्येक ट्यूनरला वेगळी फ्रिक्वेन्सी नेमून देतो. ती बोली एलएनबी आणि बॉक्स दोघांनाही यावी लागते. तुमच्या बॉक्सला ती येते असं कंपनीने लेखी दिलं तर ठीक, नाहीतर दोन ट्यूनरना दोन वायरी.

एलएनबी ट्विन, म्हणजे दोन तोंडांचा घ्या. वरच्या खोलीत पुढे टीव्ही येणार असेल तर क्वाड, म्हणजे चार तोंडांचा. इथे एक फसगत ठरलेली आहे: क्वाड म्हणून क्वाट्रो हातात पडतो. त्यालाही चार तोंडं असतात, पण प्रत्येक तोंड एकाच ध्रुवीकरणाला आणि एकाच बँडला बांधलेलं असतं. तो मल्टिस्विचसाठी आहे. थेट बॉक्सला जोडला तर प्रत्येक ट्यूनरला पाव भागच चॅनेलं दिसतील.

वायर आरजी-6, 75 ओहमची. 22 मीटर आणि दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर सुटी, म्हणजे एकीला 25. दोन लागतात, तिसरी आत्ताच राखीव ओढून ठेवा, एकूण 75 मीटर. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडण्यापेक्षा तो खर्च काहीच नाही. पाईप 25 मिलिमीटरचा. कोपऱ्यात काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवेत. वायर 7 सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळली की आतला फोम दबतो, मधली तार सरकते आणि 75 ओहम तिथे 75 राहत नाहीत. भिंतीत जोड एकही नको. लाईटच्या वायरींचा पाईप वेगळा ठेवा.

25 मीटरला सर्वात वरच्या फ्रिक्वेन्सीवर साधारण 8 डेसिबल जातात. चांगल्या एलएनबीला एवढं सहज पेलतं, ॲम्प्लिफायर घेऊ नका.

प्रेषक: शहादेकर, दुबई

भाऊ, दादांनी घरातलं सगळं सांगितलं, मी गच्चीवरचं सांगते.

पांढऱ्या आवरणाची वायर बाहेर वापरू नका. आपल्याकडच्या उन्हात तिला भेगा पडतात, आत पाणी शिरतं, आणि ते आवरणाखालच्या तारांच्या जाळीच्या कडेने उतरत थेट बैठकीतल्या बॉक्सपर्यंत येतं. बाहेरसाठी काळ्या पॉलिथिन आवरणाची घ्या. गच्चीवर आडवी टाकू नका; चैत्र-वैशाखात तिथे बिबड्या-कुरडया वाळत असतात, बायका वाकून काम करत असतात, पाय अडकतो. कठड्याच्या आतल्या बाजूने क्लिपा मारून न्या. पाईपच्या तोंडाशी वायर आधी खाली लोंबू द्या, मग वर आत घ्या, म्हणजे पाणी खालच्या टोकाला टपकून जाईल.

वायरीच्या टोकाचा एफ कनेक्टर पिळून बसवायचा नको, कॉम्प्रेशनचा हवा. मधली तार तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर राहावी. जाळीचा एक केस जरी तिला टेकला तरी शॉर्ट.

छत्रीचा पाईप गवंड्याच्या ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा. तो तिरका असेल तर अंशांची पट्टी खोटं सांगते. फैजपूरला सातपुडा पाठीशी घेऊन दक्षिणेकडे तोंड करा: 83 अंश पूर्वेचा जीसॅट-10 उपग्रह डावीकडे सुमारे 19 अंशांवर, उंची 64. फ्री डिशचा जीसॅट-15, 93.5 अंशांचा, डावीकडे 41 अंशांवर, उंची 58. छत्री ऑफसेट असते, त्यामुळे बघायला बरीच उभी वाटते. नजरेवर जाऊ नका, पट्टी वाचा.

अर्थिंगही प्लास्टरआधीच. छत्रीच्या खांबापासून घराच्या अर्थिंगपर्यंत 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, शक्यतो भिंतीच्या बाहेरून. वायरी घरात शिरतात तिथे अर्थिंग ब्लॉक लावून तो 4 चौरस मिलिमीटरच्या तारेने त्याच अर्थिंगला जोडा. तरीही वळवाचा पाऊस गडगडायला लागला की बॉक्सच्या वायरी आणि प्लग काढून ठेवायला घरच्यांना सांगा. थेट वीज पडली तर कुठलीच तार पुरत नाही.

कुणाचं जुनं धाब्याचं घर असेल तर खांब धाब्यात रोवू नका. खारी मातीला भोक पडलं की पावसाळाभर गळतं. बाजूच्या पक्क्या भिंतीला ब्रॅकेट मारा.

प्रेषक: फैजपूरकर, म्युनिक

ताई, दादा, आभार. वायरमन घरातून निघण्याआधी बाबांनी काय तपासावं?

प्रेषक: भुसावळकर, लीड्स

वायरींच्या दोन्ही टोकांना 1, 2, 3 आकडे चिकटवलेले आहेत ना, हे आधी बघायला सांगा. मग बॉक्सच्या सिग्नल पानावर दोन्ही ट्यूनरचे आकडे बघा, ते जवळपास सारखे हवेत. त्यानंतर एक उभ्या आणि एक आडव्या ध्रुवीकरणाचं चॅनेल एकाच वेळी रेकॉर्डला लावा, दहा मिनिटं चालू द्या.

दुसरा ट्यूनर रुसला तर बॉक्समागच्या दोन वायरी अदलाबदल करा. खोट पहिल्या ट्यूनरवर आली तर दोष वायरीत, कनेक्टरमध्ये किंवा एलएनबीच्या त्या तोंडात. गच्चीवर चढावं लागेल. खोट दुसऱ्यावरच राहिली तर बॉक्स बदलून मागा.