गोल्फ १ जीटीआय: थंड इंजिन लगेच पेटतं, तीन सेकंदांत बंद पडतं. के-जेट्रॉनिकमध्ये सुरुवात कुठून करू?

नेकारकाठ_८३

मंडळी, गाडी फोक्सवॅगन गोल्फ १ जीटीआय, १९८३ ची. इंजिन डीएक्स (१७८१ सीसी, ११२ पीएस), इंजेक्शन बॉशचं के-जेट्रॉनिक, म्हणजे पेट्रोलच्या दाबावर चालणारी यांत्रिक इंजेक्शन पद्धत. मुक्काम स्टुटगार्टजवळ. गाडी हंगामी नंबरप्लेटवर आहे, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च झाकून उभी असते.

लक्षणं अशी. रात्रभर उभी, सकाळी गॅरेजमध्ये ८ अंश. सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात पेटते, ११०० आरपीएमपर्यंत जाते, मग दोन-तीन सेकंदांत ५०० वर कोसळून बंद. तिसऱ्या सेल्फला चालू राहते, पण पुढची तीन मिनिटं मिसिंग. रेस द्यायला गेलं की इनटेकमधून ‘फट्’ असा आवाज येतो. एकदा तापली की ९५० वर ठीक उभी राहते. काळा धूर नाही, पेट्रोलचा वासही नाही.

प्लग, कॅप, रोटर, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे आहेत. एका वर्कशॉपने सांगितलं की सीओचा (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा) स्क्रू थोडा ‘रिच’कडे, म्हणजे जास्त पेट्रोलकडे, फिरवा, काम होईल. गरम इंजिनचा सीओ सध्या १.२ टक्के आहे. फिरवू का?

बार_मोजणारा

नका फिरवू. तो ३ मिमी अ‍ॅलन कीचा स्क्रू गरम इंजिनचं मूळ मिश्रण ठरवतो. थंडीतलं जादा पेट्रोल दुसरीकडून येतं. त्या स्क्रूने थंडीचा त्रास झाकलात तर गाडी तापल्यावर काजळी धरेल आणि खरा दोष तसाच राहील.

तुमच्या लक्षणांतच अर्धं उत्तर आहे. पहिल्या फटक्यात पेटते, म्हणजे कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह फवारतोय. तो फक्त सेल्फ फिरत असतानाच फवारतो, तेही थर्मो-टाइम स्विच (इंजिनचं तापमान बघून वेळ ठरवणारा) परवानगी देईल तितके सेकंद. किल्ली सोडली की तो बंद. तिथून पुढे मिश्रण दाट ठेवायची जबाबदारी वॉर्म-अप रेग्युलेटरची, आणि तुमची गाडी नेमकी त्याच क्षणी मरते. इनटेकमधला ‘फट्’ हा पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणाचा आवाज. मिश्रण दाट असतं तर धूर आणि वास आला असता.

रेग्युलेटर काय करतो ते ध्यानात घ्या, म्हणजे पुढची मापं कळतील. एअर सेन्सरची ताटली हवेच्या ओढीने वर उचलली जाते आणि फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर वर ढकलते. प्लंजरच्या डोक्यावर पेट्रोलचा दाब उलट बाजूने बसलेला असतो, तोच कंट्रोल प्रेशर. हा दाब कमी असला की तेवढ्याच हवेला ताटली जास्त उचलली जाते आणि पेट्रोल जास्त जातं. म्हणून थंड इंजिनला हा दाब कमी हवा, गरम इंजिनला जास्त. थंडीत तो उतरत नसेल तर मिश्रण पातळ राहतं. इतकं साधं आहे.

मोजायला ० ते १० बारचा गेज, टी (तीन तोंडांचा जोड) आणि एक कॉक लागतो. टी फ्युएल डिस्ट्रिब्युटरच्या माथ्यावरून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या नळीत बसवा, कॉक रेग्युलेटरच्या बाजूला. कॉक उघडा असताना कंट्रोल प्रेशर दिसतो, बंद केला की सिस्टिम प्रेशर, म्हणजे पंपाकडून येणारा मुख्य दाब. गाडी रात्रभर उभी हवी. रेग्युलेटरच्या हीटरचा आणि ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हचा (थंड इंजिनला जादा हवा देणाऱ्या व्हॉल्व्हचा) प्लग काढून ठेवा, नाहीतर पंप चालू करताच हीटर तापायला लागतो आणि थंड माप हातून जातं. पंपाचा रिले काढून ३० आणि ८७ हे टर्मिनल फ्यूज असलेल्या वायरने जोडा. थंड माप पहिल्या मिनिटातच घ्या.

सिस्टिम प्रेशर ४.७ ते ५.४ बारमध्ये हवा. थंड कंट्रोल प्रेशर २० अंशांना साधारण दीड बार, तुमच्या ८ अंशांना एक बारच्या आसपास. नेमका आकडा रेग्युलेटरवर ठोकलेल्या बॉश क्रमांकाच्या आलेखावरून घ्या, कारण प्रत्येक क्रमांकाची रेघ वेगळी असते. मग हीटरचा प्लग लावा. काही मिनिटांत दाब चढून ३.४ ते ३.८ वर थांबायला हवा.

पंप चालू असताना सेन्सरची ताटली हाताने उचलू नका. चारही इंजेक्टर सिलिंडरमध्ये पेट्रोल ओतत राहतील, आणि नंतर सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आणि हे ५ बारचं पेट्रोल आहे. कोणतीही नळी सोडण्याआधी भोवती कापड गुंडाळा, अग्निशामक हाताशी ठेवा, बॅंजो बोल्टचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घाला.

रबरी_नळी

वरचं सगळं बरोबर, पण गेज विकत घ्यायच्या आधी हवा खेचते का ते बघा. गोल्फ १ वर थंड मिसिंगचं माझ्या यादीतलं पहिलं कारण म्हणजे इंजेक्टरच्या रबरी रिंगा. ताटलीच्या पुढे कुठूनही घुसलेली हवा मोजलीच जात नाही, म्हणजे तिच्या वाट्याचं पेट्रोलही येत नाही. थंडीत रबर आक्रसलेलं असतं आणि इंजिनला दाट मिश्रण हवं असतं, म्हणून गळती सकाळी जाणवते आणि तापल्यावर लपते.

इंजेक्टर हाताने ओढून बघा. घट्ट, चिवट वाटला पाहिजे. बोटांनी गरकन फिरला किंवा सहज निघाला तर रिंग लाकूड झाली आहे. चारही बदला, आणि खालच्या प्लास्टिकच्या इन्सर्टचं सीलही. नवी रिंग पेट्रोलने ओली करून दाबायची.

दुसरी जागा म्हणजे सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी बूट. चिरा नेहमी खालच्या घड्यांत असतात, वरून दिसत नाहीत. काढून, पिळून, उजेडासमोर धरा. तिसरी जागा ऑइल फिलर कॅप आणि डिपस्टिक. क्रँककेस इनटेकला जोडलेला आहे, त्यामुळे तिथली गळतीसुद्धा मिश्रण पातळ करते. साधी परीक्षा: गरम इंजिन आयडलवर असताना फिलर कॅप उघडा. आरपीएम पडायला हवा. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडून भरपूर हवा आधीच आत जाते आहे.

गरम इंजिनवर स्प्रे मारत गळती शोधणारे बरेच भेटतात. तसं करू नका, एक्झॉस्टवर पेट घेतो. इनटेक बंद करून ०.२ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा, नाहीतर धुराचं मशीन वापरा.

बार_मोजणारा

मान्य, रिंगा स्वस्त आहेत, आधी तेच करा. फक्त रिंगा बदलल्यावर गाडी थोडी सुधारली म्हणून गेज टाळू नका.

ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हही त्याच फेरीत बघून घ्या. थंड असताना त्याची नळी चिमटीत दाबली तर आरपीएम पडला पाहिजे, गरम असताना फरक पडता कामा नये. नळ्या काढून टॉर्च मारली तर थंड व्हॉल्व्हमध्ये भोक अर्धवट उघडं दिसतं. १२ व्होल्ट दिल्यावर पाच ते दहा मिनिटांत ते पूर्ण मिटतं. हा अडकून बंद राहिला तरी थंड इंजिन मरतं, पण तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला की ते नीट चालतं, कारण कमतरता हवेची असते. तुमच्याकडे रेस दिल्यावर उलट ‘फट्’ होतं. म्हणून माझा संशय त्याच्यावर कमी आहे.

हडपसर_१२३

मध्येच विचारतो. इकडे पुण्यात मर्सिडीज डब्ल्यू १२३, २३० ई आहे, तिलाही के-जेट्रॉनिकच. त्रास फक्त डिसेंबर-जानेवारीत पहाटे, पारा १० अंशांच्या खाली गेला की. तेव्हा सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. एप्रिल-मेमध्ये काहीच नाही. म्हणजे दोष आहे की नाही?

बार_मोजणारा

दोष बारा महिने असतो, उन्हाळा तो झाकतो. थर्मो-टाइम स्विचच्या अंगावर तापमान आणि सेकंद कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५ अंश, ८ सेकंद. त्या तापमानाच्या वर कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह फवारतच नाही. मे महिन्यात दुपारी तुमच्या इंजिनमधलं पाणी उभ्या गाडीतच ३५ च्या पुढे असू शकतं, तेव्हा तो व्हॉल्व्ह मेलेला असला तरी कळणार नाही.

तुमचं लक्षण वरच्या गोल्फच्या उलट आहे. पेटायलाच वेळ लागतो, म्हणून आधी हाच व्हॉल्व्ह. तो काढा, पेट्रोलची नळी आणि प्लग तसेच ठेवा, तोंड काचेच्या बरणीत धरा. कॉइलची जाड वायर अर्थ करा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. शंकूच्या आकाराचा फवारा दिसला पाहिजे. नाही दिसला तर प्लगवर व्होल्टेज येतं का ते टेस्ट लॅम्पने बघा. येत असेल तर व्हॉल्व्ह गेला, नसेल तर स्विच किंवा वायर. मग तोंड पुसून पंप चालू ठेवा. एका मिनिटात एकही थेंब जमता कामा नये, गळका व्हॉल्व्ह गरम स्टार्टिंगचा सत्यानाश करतो. फवारा ठीक असेल तर रात्रभरात दाब उतरतो का ते पाहा, म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्युम्युलेटर (इंजिन बंद असताना दाब धरून ठेवणारे भाग) तपासा.

नेकारकाठ_८३

मापं घेतली. तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरची रिंग तडकलेली निघाली, बाकीच्या तीन कडक. चारही बदलल्या. बूट शाबूत, ऑक्झिलरी व्हॉल्व्ह ठीक. मिसिंग थोडं कमी झालं, पण बंद पडणं तसंच.

८ अंशांना सिस्टिम प्रेशर ५.१ बार, थंड कंट्रोल प्रेशर २.२. हीटर जोडल्यावर चढून ४.० वर थांबला. हीटरचा रेझिस्टन्स २० ओहम, प्लगवर १२ व्होल्ट. रेग्युलेटर बदलू का?

बार_मोजणारा

इतक्यात नको. गरम आकडाही वर आहे, ही फार कामाची गोष्ट.

रेग्युलेटरमधलं बायमेटल (तापल्यावर वाकणारी दोन धातूंची पट्टी) बिघडलं असतं तर थंड दाब चुकीचा आणि गरम दाब बरोबर असा प्रकार दिसला असता, कारण गरम झाल्यावर बायमेटल बाजूला होतं आणि दाब एकटी स्प्रिंग ठरवते. तुमचे दोन्ही आकडे वर आहेत, थंड आकडा बराच वर आणि गरम आकडा थोडाच वर. ही वाटेत अडथळा असल्याची खूण. थंडीत रेग्युलेटरमधून पेट्रोलचा प्रवाह मोठा असतो, म्हणून अडथळ्यामुळे दाब एका बारहून जास्त साठतो. गरम झाल्यावर प्रवाह कमी होतो, म्हणून ०.३-०.४ च वाढ दिसते.

अडथळ्याच्या जागा दोन: रेग्युलेटरच्या इनलेटमधली बारीक जाळी किंवा परतीची नळी (रेग्युलेटरमधून पेट्रोल परत नेणारी). परतीची नळी रेग्युलेटरकडून सोडा, तिथून तात्पुरती नळी डब्यात घ्या आणि थंड दाब पुन्हा मोजा. दाब उतरला तर परतीची नळी चेपली किंवा तुंबली आहे. नाही उतरला तर जाळी. पाच महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुनं पेट्रोल डिंकासारखं होऊन तिथेच बसतं. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवून उलट्या दिशेने फुंकून काढा. तारेने टोचू नका, जाळी फाटते.

रेग्युलेटरवरचा दाबून बसवलेला गुळगुळीत ठोकळा हातोडीने ठोकून दाब जुळवण्याचा सल्ला कुठेतरी वाचाल. जाळी साफ होण्याआधी तर मुळीच नको. ठोकळा एकदा आत गेला की रेग्युलेटर उघडल्याशिवाय मागे येत नाही.

टॅपेट_०_२०

दाब ताळ्यावर आला आणि तरीही एकाच सिलिंडरचं मिसिंग राहिलं तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघा. या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट (अंतर आपोआप जुळवणारे) नाहीत, शिम (अंतर ठरवणाऱ्या चकत्या) आहेत. थंड इंजिनवर इनटेक ०.१५ ते ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.३५ ते ०.४५. वापरात अंतर बहुधा कमीच होतं, आणि घट्ट झालेला व्हॉल्व्ह आवाज करत नाही म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. शिम ०.०५ मिमीच्या टप्प्यात मिळतात. कोणता सिलिंडर ते ओळखायला आयडलवर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित ढिला करणारे आहेत. त्यापेक्षा कॉम्प्रेशन गेज लावा, आग लागत नाही.

नेकारकाठ_८३

परतीची नळी मोकळी करूनही दाब २.२ च राहिला, म्हणजे जाळीच. उघडली तर तपकिरी चिकट थर. भिजवून, फुंकून, नव्या वायसरसह बसवली. आता ९ अंशांना थंड १.१, गरम ३.६. सकाळी पहिल्या सेल्फला पेटून ११०० वर उभी राहिली, ‘फट्’ गेलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळपास सारखं. पण गरम झाल्यावर सीओ २.७ टक्के दाखवतोय आणि आयडल थोडं जड वाटतं.

बार_मोजणारा

तसंच व्हायला हवं. आधीचा १.२ टक्के ४.० बार दाबावर आणि तडकलेल्या रिंगेसह जुळवलेला होता, म्हणजे कोणीतरी तो स्क्रू आधीच रिचकडे फिरवलेला आहे. दोन्ही दोष गेल्यावर ते जास्तीचं पेट्रोल उघडं पडलं.

आता त्या स्क्रूला हात लावा. ऑइल ८० अंशांपर्यंत तापलेलं, रेडिएटरचा पंखा बंद. आयडल ९५० ला आणा. की आत घालून डावीकडे, म्हणजे लीनकडे, एका वेळी जास्तीत जास्त अष्टमांश फेरा. की वरून दाबू नका, नाहीतर ताटली हलते. प्रत्येक वेळी की बाहेर काढा, भोक झाका, हलकी रेस द्या, आकडा स्थिरावू द्या, मग वाचा. आयडल सरकलं तर थ्रॉटलवरच्या एअर स्क्रूने परत ९५० ला आणा आणि सीओ पुन्हा बघा, कारण दोन्ही एकमेकांना ओढतात. १ ते १.५ च्या मध्ये आला की थांबा.

नोव्हेंबरमध्ये गाडी झाकण्याआधी टाकी ९८ ऑक्टेनच्या सुपर प्लसने काठोकाठ भरा, ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) नको, आणि ताजं पेट्रोल रेग्युलेटरपर्यंत पोचेल इतकी गाडी चालवूनच उभी करा.