मदत हवी आहे : बायबलच्या गोष्टी मिळून वाचतोय, एका जागी अडलोय

नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळचे. रविवारी संध्याकाळी शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाबरोबर बायबलमधली एक गोष्ट वाचतो, मग चहा. परवा त्यातल्या लूक या पुस्तकाचा 15वा अध्याय, उधळ्या पुत्राची गोष्ट झाली. बापाकडून घेतलेला वाटा उधळून धाकटा मुलगा परतला, बापाने धावत जाऊन मिठी मारली, इथवर डोळे पाणावले. पण शेतात राबून आलेला थोरला भाऊ रुसून बाहेरच उभा! आमच्या आजींनी वाटण्यांची भांडणं पाहिलेली, त्या अहिराणीत फटकन म्हणाल्या, "मोठानं काय चुकनं?" कुणालाच उत्तर सुचेना.

ख्रिस्ती मित्रांनो, रोजच्या वागण्यात तुम्ही थोरल्याकडे कसं बघता? आणि पुढे काय घ्यावं? लूक 10 मधला चांगला शोमरोनी (वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची गोष्ट), की 16च अध्यायांचं मार्क हे पुस्तक सुरुवातीपासून? पोरांना जुनी मराठी जड जाते, तेवढं लक्षात घ्या.