सत्तरीनंतर नव्या सोसायटीत माणसं कशी जोडायची?

नवाघर (प्रश्न)

सासूबाई, वय 71, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सांगलीकडच्या तासगावहून आता कायमच्या पुण्यात, खराडीला, नवव्या मजल्यावर. उजव्या कानाने फार कमी ऐकू येतं, गुडघे दुखतात, एका दमात 300 मीटरच्या पुढे चालवत नाही. गावाकडे रोज फोन होतो, पण इथे दारातून हाक मारणारं कोणी नाही. सोसायटीच्या कार्यक्रमांना नेलं तर कोपऱ्यात बसतात आणि उठून येतात. रोजच्या दिवसात बसेल असं काय करता येईल? सुरुवात कुठून, किती दिवस धीर धरायचा, आणि काय केल्याने उलटं होतं, ते नेमकं सांगा.

पारावरचा

ताई, कार्यक्रम तूर्त बाजूला ठेवा. कोजागरीला दोनशे माणसं एकदम भेटतात, एकाचंही नाव लक्षात राहत नाही आणि पुढची भेट थेट होळीला. ओळख होते ती तीच चार तोंडं त्याच वेळी त्याच जागी दिसत राहिल्याने. म्हणून आधी वेळ शोधा. दोन-तीन दिवस तुम्हीच खाली जाऊन नुसतं बघा. सकाळी साडेसहाला दिसतात ते चालणारे, ते थांबत नाहीत. गुडघे दुखणारी बाई त्यांच्यात मागे पडते आणि चौथ्या दिवशी घरीच राहते. बसणाऱ्या बायका बहुतेक ठिकाणी संध्याकाळी पाच ते साडेसहा, उन्हाळ्यात सहानंतर. शाळेची बस थांबते तिथे दहा मिनिटं आधीपासून आज्या-आजोबा उभे असतात, तीही चांगली जागा. एकदा वेळ ठरली की आठवड्यातले किमान पाच दिवस तीच पाळायची. आज पाचला, उद्या सातला असं झालं की रोज नवी माणसं आणि रोज पहिला दिवस.

रिकाम्या हाताने बसू नये. मेथीची जुडी, घेवडा, थंडीत मटार घेऊन खाली जावं. हात कामात असले की गप्प राहणंही जड जात नाही, आणि शेजारची बाई चार काड्या निवडायला घेतेच.

आणखी एक, ज्वारीचं दळण. तासगावचं माणूस म्हणजे घरात भाकरी असणारच. गव्हाच्या पिठात ज्वारी मिसळू नये म्हणून पुष्कळ गिरण्यांत ज्वारी-बाजरीची वेळ वेगळी ठरलेली असते. ती विचारून घ्या. त्या वेळी डबे घेऊन येणारी माणसं बरीचशी सांगली-सोलापूर-मराठवाड्याकडची असतात, बोलायला विषय शोधावा लागत नाही. महिन्याचं दहा किलो गाडीतून एकदम आणण्यापेक्षा दर आठवड्याला अडीच किलो दळा. डबा तुम्ही पोचवा, दळण होईपर्यंत त्यांना स्टुलावर बसू द्या. भाजीचंही तसंच: सगळी अ‍ॅपवरून दारात येत असेल तर निदान कोथिंबीर-मिरची तरी गेटवरच्या एकाच भाजीवालीकडून त्यांनी घ्यावी.

पहिले दहा-बारा दिवस नुसत्या माना हलतील. महिनाभर तरी जागा बदलू नका. आणि तुम्ही सोबत तीन-चार दिवसच जा. सून शेजारी उभी असली की माणसं सुनेशी बोलतात, सासूबाई ऐकत राहतात.

चालते_बोलते

वरचं सगळं बरोबर आहे, पण कान आणि गुडघे सांभाळले नाहीत तर त्यातलं काहीच टिकणार नाही. कोपऱ्यात बसून परत येतात याचं कारण लाजरेपण असेलच असं नाही. हॉलमध्ये आवाज घुमतो, स्पीकर लावलेला असतो, कमी ऐकू येणाऱ्याला तिथे नुसता गलका कळतो.

डावा कान चांगला आहे, तर बाकावर त्यांनी स्वतःच्या उजव्या टोकाला बसावं, म्हणजे सगळ्या बायका डावीकडे येतात. संध्याकाळी सूर्याकडे पाठ असावी. समोरच्याच्या तोंडावर उजेड पडला की ओठांवरून निम्मं समजतं. ‘मला या बाजूने ऐकू येत नाही’ हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. न सांगता हसून मान डोलावली की दोनदा चुकीचं उत्तर जातं, मग लोक बोलणं आखडतात आणि गैरसमज होतो की बाईंना बोलायचंच नाही. कानाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो.

बाकाची उंची टेप लावून मोजा. 45 सेंटीमीटरच्या आसपास हवी आणि हाताने रेटून उठायला कडेचे हात हवेत. सोसायट्यांत दगडी, बुटके, पाठ नसलेले बाक असतात, त्यावर वीस मिनिटांत कंबर धरते. कमिटीला अर्ज देताना दोन बाक एका ओळीत न मागता काटकोनात मागा. ओळीत बसलं की शेजारचीच दिसते, तिसरीचं बोलणं ऐकूच येत नाही.

जाऊन-येऊन 300 मीटरच्या आतली जागा निवडा, मध्ये एकदा टेकायची सोय बघा. याहून महत्त्वाचं, स्वच्छतागृह. पुष्कळ बायका खाली उतरणं टाळतात ते यासाठी, आणि सांगत नाहीत. काहीजणी दुपारपासून पाणीच पीत नाहीत, ते तर फारच वाईट. क्लबहाउसचं स्वच्छतागृह संध्याकाळी उघडं असतं का, किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्या दिवसाआधी विचारून ठेवा.

टाळ-चिपळ्या

जवळ महिला भजनी मंडळ असेल तर जरूर. बहुतेक मंडळं दुपारी तीन ते पाच बसतात, आठवड्यातला एक वार ठरलेला, शिवाय एकादशी. नवीन बाईने पहिल्या दिवशी गायचं नसतं. दुसऱ्या रांगेत बसायचं, टाळ घ्यायचे, धृपद सगळ्यांबरोबर म्हणायचं. नाम, मग रूपाचा अभंग, नंतर बाकीचे अभंग, गौळण, शेवटी आरती आणि पसायदान, असा क्रम बहुतेकांचा असतो. चार वेळा बसलं की अंगवळणी पडतो. पितळी टाळांनी अर्ध्या तासात मनगट भरून येतं, त्यांच्यासाठी लहान टाळ किंवा चिपळ्या मागा.

खुर्ची आधीच सांगून ठेवा, भिंतीकडच्या टोकाला. सगळ्या खाली बसल्यावर खुर्ची मागणं अवघड होतं, बाई तशीच खाली बसते आणि पुढच्या वारी येत नाही.

शिक्षिका आहेत म्हणजे अक्षर चांगलं असणार. मंडळाची भजनाची वही जाड पेनाने, एक ओळ सोडून, मोठ्या अक्षरात उतरवून द्यायचं काम त्यांनी मागून घ्यावं. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्या सगळ्या वहीसाठी त्यांच्याकडे येतील. नवीन माणसाला लवकर आपलं करून घ्यायला असं एखादं नेमकं काम फार उपयोगी पडतं.

भिशीत मात्र जपून. बाराजणी, दरमहा 200, म्हणजे चिठ्ठी निघेल तिला 2400. इतपत ठीक. पहिल्या महिन्यांत चिठ्ठी लागलेली बाई पुढे पैसे द्यायची थांबली की मैत्रीही जाते, म्हणून प्रत्येक महिन्याची सही वहीत हवी. व्याजाने पैसे फिरवणारी भिशी असेल तर नाही म्हणा.

हजेरीवही

ज्येष्ठ नागरिक संघ पुण्यात भागाभागांत आहेत, अनेक फेस्कॉमशी, म्हणजे अशा संघांच्या राज्य महासंघाशी, जोडलेले आहेत. महापालिकेची विरंगुळा केंद्रंही बघा. दोन बैठका पाहिल्याशिवाय वर्गणी भरू नका. भाषण एक तास आणि चहा दहा मिनिटं असेल तर ओळख व्हायला वेळच मिळत नाही. बायका बोलतात का, की नुसत्या बसतात, ते बघा.

जवळ काही नसेल तर सहा-सात जणींनी स्वतःच सुरू करावं, पण नोंदणीच्या मागे लागू नका. सात सभासद असले की 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, इथपर्यंत सोपं वाटतं. महाराष्ट्रात पुढे 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदाही लागू होतो: दरवर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. गप्पांसाठी जमलेल्या माणसांना हे ओझं कशाला?

त्याऐवजी एक शंभर पानी वही घ्या. नाव, फ्लॅट, इंटरकॉम, घरातल्या एकाचा मोबाइल. रोजची हजेरी, बस. न सांगता सलग दोन दिवस गैरहजर असेल तिला तिसऱ्या दिवशी इंटरकॉम करायचा, आणि तो कोणी करायचा ते जोड्या लावून आधीच ठरवायचं. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवू’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप गट केलाच तर त्यात फक्त वेळ आणि जागा लिहावी. सुविचार आणि राजकारण सुरू झालं की पंधरवड्यात भांडण होतं आणि ते बाकापर्यंत येतं.

जूनमध्ये काय करायचं हे मेमध्येच ठरवा. पाऊस लागला की बाक ओले, फरश्या निसरड्या, आणि सप्टेंबरपर्यंत कट्टा मोडलेला. लिफ्टजवळच्या लॉबीत किंवा पार्किंगच्या कोरड्या भागात सहा खुर्च्या त्याच वेळी मांडायची परवानगी लेखी घ्या, नाहीतर सुरक्षारक्षक उठवतो.

नवाघर

खूप आभार. डावा-उजवा कान आणि बाकाचं टोक, हे कधी सुचलंच नव्हतं. एक अडचण राहिली. आमच्या इमारतीत मराठी घरं थोडीच. संध्याकाळच्या बाकावर हिंदी आणि तेलुगू चालतं. सासूबाईंचं हिंदी जेमतेम.

पारावरचा

मग तर त्यांच्याकडे इथे कोणाकडेच नसलेली गोष्ट आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि अमराठी घरांतल्या आईवडिलांना मुलांचा तो अभ्यास घेता येत नाही. सोसायटीच्या फलकावर एक कागद लावा: पहिली ते चौथी, मराठी वाचन, मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार ते सव्वापाच. पाचच मुलं. सुरुवात बाराखडीने नको. दुकानांच्या पाट्या, भाज्यांची नावं, पाच ओळींची गोष्ट.

वर्ग घरात घेऊ नका, क्लबहाउसमध्ये घ्या. घरात घेतला की मुलांना सातपर्यंत सोडून जाणारे निघतात आणि शिक्षिकेचं पाळणाघर होतं. घरातल्या एकाने तिथेच थांबायचं, ही अट पहिल्या दिवशीच घाला. बहुतेक आजीच येईल. तिला मराठी येत नसेल, तरी नातवंडाबरोबर ‘वांगं’ आणि ‘दोडका’ तीही म्हणते, आणि सव्वापाचला दोघी एकाच वेळी बाकाकडे निघतात.

चालते_बोलते

त्या वर्गात मुलांना डाव्या हाताला अर्धगोलात बसवा. मोठा, पाय न डुगडुगणारा फळा आणा, आणि खुर्चीला हात हवेत.

हजेरीवही

दोन-अडीच महिन्यांतून एकदा त्यांना तासगावलाही जाऊ द्या, तिथलं तुटू नये. एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, 75 पूर्ण झाल्यावर राज्यात प्रवास मोफत. जाण्याआधी ‘पुढच्या सोमवारी येते’ असं वहीत त्यांच्याच हाताने लिहायला सांगा, म्हणजे तिसऱ्या दिवशी उगीच इंटरकॉम वाजणार नाही.