क्लिंटनचा ३ जूनचा जाहीरनामा: ब्रिटिशांनी स्वतःच्या हाताने शत्रू वाढवले?

शिलेदार:
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की आपण लेक्सिंग्टन, साराटोगा, यॉर्कटाउन या लढायांवर बोलतो. ब्रिटिश सेनापती आणि गव्हर्नरांनी बंडखोर वसाहतींतल्या लोकांसाठी जे जाहीरनामे काढले, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दक्षिणेतलं युद्ध ब्रिटिशांनी तोफांनी जिंकलं होतं आणि एका कागदाने घालवलं. तो कागद म्हणजे अमेरिकेतला ब्रिटिश सरसेनापती सर हेन्री क्लिंटन याचा ३ जून १७८० चा जाहीरनामा.

१२ मे १७८० ला साउथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन पडलं. पाच हजारांहून जास्त माणसं शरण आली. बंडखोरांची या युद्धातली ही सर्वांत मोठी शरणागती. नियमित सैनिक कैदेत गेले, पण मिलिशियाला, म्हणजे गावोगावच्या शेतकरी शिपायांना, पॅरोलवर घरी सोडलं. पुन्हा शस्त्र उचलणार नाही असं वचन द्यायचं आणि आपापली शेती बघायची. आतल्या भागातल्या ठाण्यांनीही याच अटीवर हत्यारं खाली ठेवली. प्रांत जवळजवळ थंडावला होता. १ जूनला क्लिंटन आणि अ‍ॅडमिरल आर्बथनॉट या दोघांच्या सहीने माफीही जाहीर झाली.

आणि मग दोनच दिवसांनी क्लिंटनने एकट्याच्या सहीने नवा हुकूम काढला. चार्ल्सटनमध्ये प्रत्यक्ष पकडलेले लोक वगळून बाकी सगळ्यांचे पॅरोल २० जूनपासून रद्द. आता राजाशी निष्ठेची शपथ घ्या. नाही घेतली तर तुम्ही बंडखोर. हे करून तो ८ जूनला न्यूयॉर्कला निघून गेला. निस्तरायला मागे राहिला त्याच्या हाताखालचा जनरल कॉर्नवॉलिस.

शपथ घेतली की राजाच्या मिलिशियात नाव लागणार आणि शेजाऱ्यावर बंदूक रोखावी लागणार. न घ्यावी तर घरदार धोक्यात. ज्यांना फक्त गप्प बसायचं होतं, त्यांची इकडे आड तिकडे विहीर झाली. साउथ कॅरोलिनातल्या आयझॅक हेन या मळेवाल्याचं उदाहरण बघा. घरात देवीची साथ, बायको मरणाच्या दारात. औषधपाण्यासाठी चार्ल्सटनला गेला, तर त्याला सांगण्यात आलं की सही कर, नाहीतर कैदेत राहा. लढायला बोलावणार नाही, असं तोंडी आश्वासन घेऊन त्याने सही केली. पुढे ब्रिटिशांनी लढायला बोलावलंच. तेव्हा आपलं वचन संपलं असं धरून तो बंडखोरांच्या मिलिशियात गेला, पकडला गेला, आणि ४ ऑगस्ट १७८१ ला रीतसर खटल्याशिवाय फासावर लटकला. त्याच्या मृत्यूने जितकी माणसं पेटली तितकी एखाद्या लढाईनेही पेटली नसती.

हे मीच म्हणतो असं नाही. कॅरोलिनात लढणाऱ्या लॉर्ड रॉडन या ब्रिटिश अधिकाऱ्याने जुलै १७८० मध्येच कॉर्नवॉलिसला लिहून कळवलं होतं की ३ जूनच्या या जाहीरनाम्याचे परिणाम फार वाईट झाले आहेत.

घाटमाथा:
सहमत नाही. आधी क्रम नीट लावा. २९ मेला वॅक्सहॉजला ब्रिटिश अधिकारी टार्लटनच्या घोडदळाने शरण येऊ पाहणाऱ्यांना कापून काढल्याची बातमी गावोगाव पसरली. त्याच सुमारास त्याच्या लोकांनी आधी बंडखोरांकडून लढलेल्या थॉमस सम्टरचं घर जाळलं आणि घरी बसलेला सम्टर पुन्हा घोड्यावर चढला. या दोन्ही गोष्टी ३ जूनच्या आधीच्या. बंडखोर मिलिशियातल्या अँड्र्यू पिकन्सचंही तेच. तो कित्येक महिने पॅरोल पाळून होता. राजनिष्ठांच्या टोळीने त्याचं घरदार लुटलं, तेव्हा कुठे तो लढायला उतरला आणि जानेवारी १७८१ मध्ये काउपेन्सला ब्रिटिशांना भारी पडला. या माणसांना कागदाने नाही, जाळपोळीने शत्रू केलं.

उलट जाहीरनामे उपयोगी पडत होते, याचा पुरावा न्यू जर्सीत आहे. ३० नोव्हेंबर १७७६ ला हाउ बंधूंनी, म्हणजे ब्रिटिशांच्या तिथल्या सेनापती आणि अ‍ॅडमिरलने, जाहीर केलं की ६० दिवसांत हजर होऊन शपथ घ्या, माफी मिळेल. वॉशिंग्टनची फौज तेव्हा डेलावेअर नदीकडे पळत होती. हजारो लोकांनी शपथ घेतली, अभयपत्रं घेतली. मग बिघडलं कुठे? हेसियन (ब्रिटिशांनी भाड्याने आणलेले जर्मन) आणि ब्रिटिश शिपायांनी ती अभयपत्रं दाखवणाऱ्यांचीही घरं लुटली. जर्मन शिपायाला इंग्रजी कागद वाचता येत नव्हता आणि वाचायची गरजही वाटत नव्हती. ट्रेंटनच्या विजयानंतर २५ जानेवारी १७७७ ला वॉशिंग्टनने उलटा जाहीरनामा काढला: ३० दिवसांत ती अभयपत्रं आणून द्या आणि आमची शपथ घ्या, नाहीतर कुटुंबकबिल्यासह शत्रूच्या हद्दीत चालते व्हा. हाउंचा कागद कुचकामी असता तर वॉशिंग्टनला हे करायची गरज पडली नसती.

शिलेदार:
पिकन्सचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याच्यासारखा लढवय्या कित्येक महिने वचनाला जागला, म्हणजे पॅरोलची व्यवस्था चालत होती. चालणारी गोष्ट क्लिंटनने का मोडली, हाच तर माझा प्रश्न आहे. आणि न्यू जर्सीत जे अभय तुम्ही राखू शकत नाही ते लिहून देणं, हा लिहिणाऱ्याचाच गुन्हा आहे. शिपायावर लगाम नसताना सेनापतीने सही केली कशाला?

टिपणवही:
यात ब्रिटिश जनरल बर्गॉइन कसा राहिला? १२ जून १७७५ ला जनरल गेजने बोस्टनमधून लष्करी कायदा पुकारला आणि सॅम्युएल अ‍ॅडम्स व जॉन हँकॉक हे बंडखोरांचे पुढारी सोडून सगळ्यांना माफी देऊ केली. तो मजकूर बर्गॉइनच्याच लेखणीचा. परिणाम काय झाला, तर ते दोघे वसाहतभर नायक झाले आणि पाचच दिवसांनी बंकर हिलची लढाई घडली. त्यानंतर १७७७ मध्ये कॅनडातून खाली उतरताना त्याने स्वतःच्या नावाने जाहीरनामा काढला आणि आपल्या हाताखालचे हजारो आदिवासी योद्धे मोकळे सोडण्याची धमकी दिली. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्याची विडंबनं छापली. खुद्द पार्लमेंटात एडमंड बर्कने त्याची खिल्ली उडवली: लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या पिंजऱ्यातले सिंह, अस्वलं, तरस मोकळे सोडायचे आणि वर त्यांना सांगायचं की बाबांनो, बायकापोरांना इजा करू नका. तोवर बर्गॉइन १७ ऑक्टोबरला साराटोगाला शरण गेलेला होता.

चंद्रकोर:
तुमच्या सगळ्यांच्या हिशेबात फक्त गोरे शेतकरी आहेत. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने ७ नोव्हेंबर १७७५ ला एका जहाजावरून सही केलेला जाहीरनामा वाचा: बंडखोरांचे जे गुलाम शस्त्र धरू शकतात आणि राजाच्या फौजेत येतात, ते स्वतंत्र. क्लिंटनने ३० जून १७७९ ला फिलिप्सबर्गहून याची व्याप्ती वाढवली. बंडखोराचा गुलाम ब्रिटिश हद्दीत आला की त्याला हवं ते काम करता येईल आणि त्याच्यावर कुणी मालकी सांगू शकणार नाही. हजारो माणसांनी जीव मुठीत धरून या कागदांच्या भरवशावर मळे सोडले. त्यांना विचारा कागद वाईट होता का.

हॅरी वॉशिंग्टन हा खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवरचा गुलाम. तो पळून डनमोरकडे गेला. १७८३ मध्ये तह झाल्यावर वॉशिंग्टनने न्यूयॉर्कमधला ब्रिटिश सेनापती सर गाय कार्लटन याच्याकडे पळालेल्या गुलामांचा विषय काढला. कार्लटनने बजावलं की राजाच्या प्रतिनिधींनी जाहीरनाम्यातून ज्यांना स्वातंत्र्य दिलं, त्यांना परत देणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. जवळजवळ ३,००० जणांची नावं वहीत लिहून त्यांना जहाजांवर चढवण्यात आलं. त्यात हॅरीचंही नाव आहे. कॅनडातलं नोव्हा स्कॉशिया आणि तिथून आफ्रिकेतलं सिएरा लिओन, इतक्या लांब तो माणूस मोकळा गेला.

घाटमाथा:
चंद्रकोर, कार्लटनबद्दल मलाही आदर आहे. पण डनमोर स्वतः गुलाम बाळगून होता आणि त्याने फक्त बंडखोरांचे गुलाम सोडवले, राजनिष्ठांचे नाही. फिलिप्सबर्गच्या त्याच कागदात दुसरं कलम आहे: बंडखोरांच्या फौजेत काम करताना सापडलेला काळा माणूस विकला जाईल. यॉर्कटाउनच्या वेढ्यात अन्न संपलं आणि देवी पसरल्या, तेव्हा आश्रयाला आलेल्या काळ्या लोकांना कॉर्नवॉलिसच्या छावणीतून बाहेर काढलं गेलं. ही मुक्ती नव्हती, युद्धाची गरज होती.

चंद्रकोर:
गरज होती, हे मान्य. पण डनमोरच्या सहीआधीच पळालेले गुलाम त्याच्याकडे येऊन आम्ही लढायला तयार आहोत म्हणत होते. त्याने जाहीरनामा काढला तो हे बघूनच. जो हक्क माणसांनी आधी स्वतः मागितला आणि मग पायी चालून मिळवला, त्याचं मोल देणाऱ्याच्या हेतूवर का ठरवायचं? आणि डनमोरच्या कागदाने गोरे मळेवाले चिडून स्वातंत्र्याच्या बाजूला गेले, हेही खरं आहे. साउथ कॅरोलिनाच्या एडवर्ड रटलेजने त्याच डिसेंबरात लिहिलं की कायमची ताटातूट घडवायला याहून परिणामकारक काहीच नसेल. ते चिडले यावरून ते कशासाठी लढत होते तेही कळतं.

शिलेदार:
चंद्रकोर यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. १७८३ मध्ये जो शब्द पाळला गेला त्याने माणसं वाचली. १७८० मध्ये जो मोडला गेला त्याने माणसं पेटली.

सातारारोड:
वर आलेला लॉर्ड रॉडन पुढे आपल्याकडे आला. पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज झालेला तो १८१३ पासून गव्हर्नर जनरल, आणि पेशवाई बुडाली ती त्याच्याच कारकिर्दीत. साताऱ्याचा किल्ला हातात पडताच एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ ला जाहीरनामा काढला. बाजीरावाच्या चाकरीत असलेल्यांनी दोन महिन्यांत घरी परतावं. वतनं, इनामं, देवस्थानं, वर्षासनं चालू राहतील. छत्रपतींसाठी साताऱ्याचं राज्य राखलं जाईल. अट एकच, घरी जा. बाजीरावाचं सैन्य या कागदाने पोखरलं गेलं. मला तर यात कॅरोलिनाचा धडा दिसतो.

घाटमाथा:
हा धडा रॉडनकडून एल्फिन्स्टनपर्यंत पोचला, हे कशावरून? एल्फिन्स्टन पुण्यात रेसिडेंट होता. वतनदाराचा जीव कशात अडकलेला असतो ते त्याला रोज दिसत होतं. शिवाय त्याच महिन्यात आष्टीला बापू गोखले पडले. मराठ्यांच्या मदतीला दुसरी फौज येणार नव्हती. कॅरोलिनात मात्र उत्तरेकडून बंडखोरांचा जनरल गेट्स नवी फौज घेऊन येत होता. लोक त्या फौजेच्या आशेवर उठले.

शिलेदार:
गेट्सची ती फौज १६ ऑगस्ट १७८० ला कॅम्डेनला पार उधळली गेली आणि त्याच्या जागी जनरल ग्रीन डिसेंबरात आला. मधल्या काळात दक्षिणेत बंडखोरांची म्हणावी अशी फौज उरलीच नव्हती. आणि नेमक्या याच काळात ब्रिटिशांच्या मेजर पॅट्रिक फर्ग्युसनने अ‍ॅपलाचियन डोंगरापलीकडच्या वस्त्यांना निरोप धाडला: विरोध थांबवा, नाहीतर डोंगर ओलांडून येईन, तुमच्या पुढाऱ्यांना फाशी देईन आणि मुलूख जाळून टाकीन. तोवर ते लोक बरेचसे आपल्याच कामात होते. निरोप पोचल्यावर त्यांनी त्याची वाट पाहिली नाही. तेच डोंगर उतरले. ७ ऑक्टोबरला किंग्ज माउंटनवर त्यांनी फर्ग्युसनला ठार केलं आणि त्याची हजारभर माणसं मारली किंवा पकडली. त्यांच्यात वॉशिंग्टनच्या नियमित फौजेची एकही तुकडी नव्हती.